वाटी सरकली कशी?

तोंडानं सांगून भागतं, हे आमच्या ह्यांना कुणी शिकवलंच नाही बघा. झाशीच्या रेल्वे वर्कशॉपात तीस वर्षं काढली. तिथे काही मोडलं की रिपोर्ट लिहायच्या आधी, कसं मोडलं ते करून दाखवायचं. ती सवय घरी आली.

परवा पूजेहून मांडी मोडून उठताना हे गर्रकन वळले आणि उजव्या गुडघ्याची वाटी सरकून पार बाजूला गेली. शेजारच्या भैयांच्या गाडीत आडवं घालून सिविल लाइंसला हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाय हळूहळू सरळ केला, तशी वाटी जागेवर बसली. म्हणाले, "अब घुटना बिलकुल नहीं मोड़ना। बगल के कमरे में पट्टी बँधवा लीजिए।"

तिथला कंपाउंडर पट्टी सोडून आधी कागद भरायला बसला. मी पाणी आणायला दारापर्यंत गेले असेन.

"बाबूजी, हुआ कैसे?"

"ऐसे बैठा था," म्हणत ह्यांनी टेबलावरच मांडी घातली. "फिर ऐसे मुड़ा..."

पुढची किंकाळी रस्त्यापर्यंत गेली असेल.

डॉक्टर धावत आले. पुन्हा पाय सरळ, पुन्हा वाटी जागेवर. घाम पुसत त्यांनी विचारलं, "अरे, अब ये कैसे हो गया?"

ह्यांनी लगेच पाय उचलला. मी तो दोन्ही हातांनी दाबून धरला आणि डॉक्टरांवरच ओरडले, "इनसे मत पूछिए! मुझसे पूछिए!"