बाबांचा इस्त्रीचा शर्ट

विरारमध्ये आगाशीच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे दोन महाविद्यालयीन विद्यार्थी आपल्या लघुपटाच्या प्रारंभाची मीमांसा करीत होते. इतकी विद्वत्ता विनामूल्य कानी पडत असता बस न येणे हे भाग्यच म्हणायचे.

"विघ्नेश, सरांनी एवढ्या पिक्चरच्या ओपनिंग दाखवल्या, त्यातून शिकलास काय?"

"शेतकरी म्हणजे अनवाणी, फाटका बनियन, नजर आभाळाकडे."

"आणि स्वतःच्या बाबांना तसं उभं केलंस? नंदाखालला तुमची केळीची वाडी आहे ना रे!"

"आर्या, ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते गं. मीच काढायला लावला. चपलासुद्धा."

"काही बोलले नाहीत?"

"विचारलं, 'मी कोण झालोय?' म्हटलं, वाडीवाला."

"मग?"

"म्हणाले, 'तो तर मी आहेच. मग शर्ट का काढायचा?'"

"परत शूट कर ना."

"सरांना तेच आवडलंय. अस्सल वाटतं म्हणाले."

"मग उद्या दाखवतील तेव्हा बाबांना नको बोलवूस."

"त्यांनीच अख्ख्या आळीला बोलावलंय. तोच शर्ट परत इस्त्री करून ठेवलाय."