दाजींच्या जीपचा दुसरा गिअर

माझा जलम वडूजचा. तिकडं पाणी न्हाई, पिकली तर ज्वारी, न्हाईतर तीबी न्हाई, म्हणून बानं मला मिरजेला एका मिस्त्रीच्या हाताखाली ठेवला, तितं पाच वर्सं हात काळं केलं आन् मग साताऱ्यात स्टँडच्या मागं चार पत्रं उभं करून सोताचं गॅरेज चालू केलं. काय सांगू तुमाला, गिअरबॉक्सच्या कामात त्या वक्ताला माझा हात धरणारा कोन न्हवता. पार सांगलीवरनं लोकं गाड्या आणायची. डायवरनं तोंड उघडायच्या आत मी बिघाड सांगायचो, आन् तेचाच मला माज व्हता. माजच म्हणा, दुसरा शब्द न्हाई.

माझी थोरली बहीण, आक्का, मेढ्याला दिलेली. दाजींची जीप व्हती, घाटातल्या वाड्यांवरनं बाजाराची माणसं खाली मेढ्याला आणायचे. दाजी म्हंजी लय गरीब माणूस, गरीब म्हंजी सोभावानं, कुणाला म्हणून वाकडं बोलायचे न्हाईत.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्सं झाली आसतील. दाजी जीप घिऊन आले, म्हणले, पाव्हणं, उताराला दुसरा गिअर आपसूक निसटतोय, रिकामी आसली की न्हाई, माणसं भरली की निसटतो. गिअरच्या दांड्याला तेंनी सायकलच्या ट्यूबचा पट्टा बांधलावता, दुसरा टाकला की पट्टा फुडच्या कडीला अडकवायचा, म्हंजी दांडा जाग्यावर ऱ्हातो. आसं लय डायवर करायचे. मी हसलो. म्हणलं, आवं दाजी, स्प्रिंग मेली आसंल, दुसरं काय. वरचं झाकाण काढलं, दांड्याखालची स्प्रिंग आन् गिअर जाग्यावर धरणारी लोखंडी गोळी बदलली, झाकाण लावलं, कोरेगावच्या रस्त्याला चार मैल जाऊन आलो. रिकामाच गेलो, सपाट रस्ता, गाडी लोण्यावानी. दाजी म्हणले, एकडाव माणसं बसवून घाटात येता का? मी म्हणलं, मला शिकवता व्हय? आन् ब्लेड घिऊन त्यो पट्टा कापूनच टाकला. आवं, मिस्त्रीनं दुरुस्त केलेल्या गाडीला पट्टा म्हंजी मिस्त्रीच्या तोंडाला काळं, त्यात घरची गाडी! दाजी म्हणले, ऱ्हाऊ द्या की दोन दिस. मी ऐकलं न्हाई. मग तेच हसले, म्हणले बरं, तुमी म्हणता तर झालीच नीट.

तिसऱ्या दिवशी बाजार व्हता. आठ माणसं घिऊन दाजी घाट उतरत व्हते आन् गिअर निसटला. भरलेली जीप, तिला नुसता ब्रेक काय पुरतोय. शेजारी बसलेल्या म्हातारीनं मला सांगितलं, बाबा, एका हातानं ते दांडा दाबत व्हते आन् एका हातानं स्टेअरिंग फिरवत व्हते. दरीकडनं वळवून तेंनी जीप डोंगराला घातली. आठच्या आठ माणसं वाचली. दाजी तेवढे गेले.

तेरावा झाला आन् मी एकट्यानं त्यो बॉक्स उतरवला, पार खालपतोर खोलला. दुसऱ्या गिअरच्या चाकाचे दात एका अंगानं झिजून उतरते झालेले. मागनं वझं ढकलायला लागलं की चाक सरकून मोकळं, मग स्प्रिंग नवी घाला न्हाईतर सोन्याची घाला. खोललं आसतं तर दिसलं आसतं. दाजींनी तर तोंडानं सांगितलंवतं, उताराला, आन् माणसं भरल्यावर. सगळा बिघाड तेवढ्यात व्हता. मी ऐकला न्हाई. त्या दातावर बोट ठिऊन मी लय रडलो.

आक्काला सांगायची छाती हुईना. वर्स सरलं, भाऊबीजंला ती ताट घिऊन आली तवा मी पाटावरनं उठलो. म्हणलं, मला ओवाळू नगं, तुझं कुकू मी पुसलंय. समदं सांगितलं. ती म्हणली, मला ठावं हाय रं. आदल्या रोजीबी गिअर एकदा निसटलावता. सकाळी मी जुन्या लुगड्याचा काठ फाडून दिला, म्हणलं ह्यो तरी बांधून जावा. तर म्हणले, नगं, मी हळू जातो, तुझ्या भावानं बगितलं तर त्येला काय वाटंल.

बस खाली, म्हणली, आन् मला ओवाळलं.

आता कुणाचीबी गाडी येऊ द्या, मी आदी डायवरला बसवतो, चा देतो, त्येचं समदं ऐकून घेतो, मग माणसं भरून गाडी घाटात नेतो. गिऱ्हाईक कटाळतं. सांगलीची लोकं म्हणत्यात, मिस्त्री घाबराट झाला. म्हणू द्या. आक्का माझ्याकडंच ऱ्हाती. लोकं म्हणत्यात, कुकू न्हाई तिनं ओवाळू नये, ती कुणाचं ऐकत न्हाई. दर भाऊबीजंला म्हणती, शंभर वर्सं जग. एवढं जगून मी काय करू, तुमीच सांगा. पर तिनं म्हणलंय, म्हणून जगतुया.