शब्दावरची रजा

बसच्या रांगेत माझ्या पुढे एक बाई आणि तिचा धाकटा भाऊ उभे होते.

"पाचच्या आत तुरुंगात हजर व्हायचंय, ताई. पॅरोल म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"कैद्याची रजा. दुसरं काय?"

"आमचे तिथले ग्रंथपाल म्हणाले, मूळ फ्रेंच आहे. अर्थ नुसता 'शब्द'. पूर्वी पकडलेला शिपाई पुन्हा लढणार नाही असा शब्द द्यायचा, की त्याला सोडायचे. पुढे रजेलाच ते नाव पडलं."

"नुसत्या शब्दावर? मला तर चार ठिकाणी सह्या कराव्या लागल्या!"

"तेच म्हणतोय. माझ्या शब्दाला कोण विचारतंय? तू जामीन राहिलीस, म्हणून आईचे शेवटचे आठ दिवस तिच्यापाशी बसता आलं."

"तिनं ओळखलं तुला."

"हो ना. माझा हातच सोडेना. दाजी नको म्हणत होते ना गं?"

"म्हणाले, पळाला तर आपण गोत्यात येऊ. मी म्हटलं, माझा भाऊ आहे तो."

"ताई, तुझे उपकार..."

"पुरे, लोक बघतायत. बस आली बघ."

"तू येतेस ना दारापर्यंत?"

"कशाला? वेळेवर जाशील ना?"

"जाईन."

"मग झालं तर. चढ."