फेऱ्या मारणाऱ्या होडीबाबत

नाव : मार्गित लिंडाल. वय : ४६ वर्षे. धंदा : उन्हाळ्यात सरकारी होडी तपासनीस, एरवी शाळेत ग्रंथपाल. राहणार : ब्लॅक स्प्रूस तळ्याजवळ, उत्तर मिनेसोटा.

शेरीफच्या कचेरीत समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी अकरा वर्षे राहते. झेब्रा शिंपले आमच्या तळ्यात अजून आलेले नाहीत. ते नखाएवढे असतात, होडीला चिकटून एका तळ्यातून दुसऱ्यात जातात आणि एकदा शिरले की निघत नाहीत. म्हणून पाण्यात उतरणारी प्रत्येक होडी मी तपासते. होडी उतरवायचा उतार एकच आहे. बाकी काठ दगडांचा आहे.

आज मासेमारीच्या हंगामाचा पहिला दिवस असल्याने सकाळपासून रांग होती. व्हर्नन टॉलेफ्सन, वय ७४, हे पत्नी डेलोरेस यांच्यासह आले. दोघांना मी ओळखते. रस्त्याने होडी नेताना आतले पाणी गळून जावे म्हणून तिच्या तळाचे बूच काढून ठेवावे लागते, तसे त्यांनी ते काढलेले होते. बुचाच्या आट्यांत शेवाळ दिसले म्हणून मी ते मागून घेतले.

व्हर्नन म्हणाले, "पोरी, दर वर्षी तिला इतकं निरखतेस. लग्न करायचंय का तिच्याशी?"

डेलोरेस म्हणाल्या, "ते यांचं कधीच लागलंय. मी आपली सोबतीला."

मी बूच पुसून माझ्या तपासणीच्या टेबलावर ठेवले. तेवढ्यात रांगेतल्या मागच्या होडीच्या इंजिनाखाली हात फिरवला तर बोटांना पॉलिश पेपरसारखे खरखरीत लागले. ते शिंपलेच होते. होडी परगावच्या कर्ट बायरली यांची होती. उतरणाऱ्या प्रत्येकाला मी शेवटी "बूच लावलं का?" असे विचारते. व्हर्नन यांना आज विचारले नाही. बूच मी परत द्यायचे होते की त्यांनी मागायचे होते, हे माझे मला अजून ठरवता आलेले नाही. टेबलावर मी ठेवले, एवढे नक्की.

व्हर्नन यांची होडी पाण्यात गेली. मागोमाग बायरली यांनी आपला ट्रेलर उतारावर घेतला. मी त्यामागे पाण्यात उभी राहिले.

"चार तास गाडी चालवून आलोय, बाई. दोन शिंपल्यांसाठी परत जाऊ?"

"दोन मला दिसले तेवढे."

ते गाडी पुढे घेईनात, मी हटेना. रांगेत हॉर्न सुरू झाले.

याच वेळी व्हर्नन यांची होडी वेगाने धक्क्याजवळून गेली, वळली आणि पुन्हा आली. रांगेतले कोणी म्हणाले, "म्हातारा सकाळीच टाकून आलेला दिसतोय." दारू पिऊन होडी चालवतात असा आपल्या कचेरीला फोन त्यानंतर झाला असावा. डेलोरेस यांनी हात हलवले. आमच्याकडे होडीतून कोणी हात केला की काठावरच्याने करायचाच असतो, नाही केला तर उद्धटपणा दिसतो. रांगेतल्या सगळ्यांनी केला. डेलोरेस यांनी दोन्ही हात केले, म्हणून मीही दोन्ही केले.

पुढच्या फेरीला त्या हात न करता कॉफीच्या डब्याने पाणी उपसताना दिसल्या. तेव्हा मी टेबलाकडे पाहिले. बूच नसलेली होडी वेगात असेपर्यंत आत आलेले पाणी त्याच भोकातून बाहेर ओढले जाते. थांबली की भरते. व्हर्नन उतार मोकळा होण्याची वाट पाहत होते आणि त्यांना थांबता येत नव्हते. तळ्यावरचे बर्फ जाऊन थोडेच दिवस झाले आहेत. डेलोरेस यांना पोहता येत नाही.

मी बायरली यांना म्हटले, "त्यांच्या होडीचं बूच माझ्याकडे राहिलंय. गाडी काढा."

ते गाडीत बसले आणि ट्रेलर वर घेऊन गेले. मी व्हर्नन यांना हाताने बोलावले. ते त्याच वेगाने सरळ उतारावर चढले. होडी काँक्रीटवर घासत थांबली. बायरली धावत परत आले, गुडघाभर पाण्यात शिरले आणि त्यांनी डेलोरेस यांना उचलून बाहेर आणले. त्या मला म्हणाल्या, "आम्ही बुडतोय आणि तू टाटा करतेस होय गं?" होडीतले पाणी बराच वेळ भोकातून पडत होते.

व्हर्नन यांच्या तोंडाला दारूचा वास नव्हता. मी त्यांना मिठी मारली होती, त्यामुळे हे खात्रीने सांगते. होडी बेपर्वाईने चालवली का, असे विचारले. माझ्या मते त्यांना दुसरा इलाज नव्हता. इतक्या फेऱ्यांत त्यांनी कोणाला धक्का लावला नाही.

बायरली यांची होडी पाण्याला लागलेली नाही, हे मी स्वतः पाहिले. गरम पाण्याने होडी धुऊन कुठे मिळते ते त्यांनी नंतर आपणहून विचारले आणि ते तिकडे गेले. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

टॉलेफ्सन पतीपत्नी बाहेरच्या बाकावर बसले आहेत. कॉफीचा डबा तळ्यात पडला म्हणून डेलोरेस व्हर्नन यांना बोलत आहेत आणि तो आपल्या आईच्या वेळचा असल्याचे सांगत आहेत. ते ऐकू येत राहावे म्हणून जबाब चालू असताना दार उघडे ठेवण्याची विनंती मी केली व ती मान्य झाली.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या चुकीचा भाग गाळायचा का, असे विचारले; तो राहू द्यावा असे मी सांगितले. सर्व मी सांगितले तसेच आहे.

(सही) मार्गित लिंडाल