खालचा थर वर चढेपर्यंत

वहिनी, सोसायटीची मंडळी आणि सरांच्या वर्गातली मुलं. मला बोलायला उभं केलंय, पण माझं पावणे एमआयडीसीत लोखंडकामाचं वर्कशॉप, तिथं नुसती ओरडायची सवय. आणि खरं सांगू? मी सरांवर अजून चिडलेलो आहे.

चिडू नको तर काय करू? दिनकर सर आमच्या वरच्या मजल्यावर. नववीला भूगोल शिकवायचे. म्हणाले, पर्वत कसे होतात ते चित्रावरून मुलांना कळत नाही, मला काचेची पेटी करून दे. आत वाळूचे आणि रांगोळीचे थर. एका बाजूला पत्रा, त्याला हँडल. फिरवलं की पत्रा थरांना ढकलणार. मी म्हटलं, सर, दोन दिवसांचं काम.

दोन दिवस. पेटी तीनदा परत आली. तीनदा.

पहिल्यांदा हँडल फार पळायचं. "असा धक्का मारून हिमालय होत नाही रे. सावकाश." दुसऱ्यांदा थर फुगले, घडी पडली. मी म्हटलं, झाला ना डोंगर, आता सोडा. सोडतील तर सर कसले? "घडी तुटली पाहिजे. तुटून खालचा थर वरच्यावर चढला पाहिजे. जुना दगड नव्याच्या डोक्यावर कसा, हेच तर मुलं विचारतात." मी सातारचा. वैतागून म्हटलं, आमच्या सह्याद्रीत कुठं हाय असलं काय? तर जिन्यात अर्धा तास ऐकवलं, की तो लाव्हाचा, थरावर थर साचलेला, त्याला असं कुणी दाबलेलं नाही.

तिसऱ्यांदा चूक माझीच. सरकता पत्रा तळाला घासू नये म्हणून आम्ही फट ठेवतो. हाताला सवयच ती. त्या फटीतून वाळू मागं निसटायची. सरांनी बोट ठेवून दाखवलं, "जोर तळाला लागत नाही." मी म्हटलं, तुमी भूगोल बघा, लोखंडाचं मला शिकवू नका. आमचं शेवटचं बोलणं ते.

सोमवारी सर गेले. मंगळवारी मी फटीला रबर लावलं. दहा मिनिटांचं काम. आधी का नाही लावलं, सांगा मला.

पेटी ही इथं, फोटोशेजारी. थर वहिनींनी भरलेत. मी अजून फिरवून बघितलेली नाही.

आता सगळे उभे राहू. मान खाली घालायची नाही, पेटीकडं बघायचं. हँडल वहिनी फिरवतील, सावकाश. आधी थर फुगतील, मग दुमडतील. खालचा थर वर चढेपर्यंत कुणी बोलायचं नाही.

आणि नाही चढला, तर पेटी परत पाठवायला तुम्ही पाहिजे होतात, सर.