अंगठ्यावरच्या रेघा

तुम्ही कधी चार दिवस कामाला हात न लावता बसून पाहिलंय का? मला एका कागदासाठी बसावं लागलं.

राहाता गावात मसाला कांडपाचं दुकान टाकायचं होतं. नोंदणीच्या कागदाशिवाय मशीनला वीज मिळेना, आणि मसाल्याचा हंगाम तर निघून चालला होता. आधारला जोडलेला माझा जुना मोबाईल नंबर बंद पडलेला, म्हणून अंगठाच द्यायचा होता. तिसऱ्या खेपेलाही तो उमटला नाही.

सेवा केंद्रातला माणूस म्हणाला, "मावशी, बोटावर रेघाच न्हाईत. काम काय करता?"

"लोकांच्या मिरच्यांची देठं खुडते. वीस वर्षं झाली."

"मग चार दिवस मिरचीला, भांड्याला हात लावू नका. खोबरेल चोळा."

"अरे, धंदा चालू करायला आलेय मी. तू बंदच कर म्हणतोस."

"कागद पायजे ना?"

चार दिवस यजमानांनी भाकरी थापल्या. सासूबाई रोज माझी बोटं उजेडात धरायच्या आणि विचारायच्या, "उगवल्या का गं?"

पाचव्या दिवशी अंगठा उमटला. कागद हातात आला तेव्हा मी तिथल्या बाकड्यावर बसूनच घेतलं.

"आता सोमवारी दुकानाचं खातं काढायला बँकेत परत अंगठा लागंल," तो म्हणाला. "तवर हात जपा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या अलकाबाई दहा किलो मिरच्या घेऊन आल्या, आणि सोमवारची वाट न बघता मी देठं खुडायला बसले.