वहिनींनी सांगितलेला स्ट्रायकर

...आणि वर मलाच विचारतात, "सर, समोर कोण?" अहो, मला काय माहीत समोर कोण! मी भूगोल शिकवतो. आठवी ते दहावी. मला विचारा पेंच नदी कुठून येते, मला विचारा मे महिन्यात नागपूर एवढं का तापतं, मी नकाशा काढून सांगतो. पण बुनकर स्पोर्टिंग क्लबात रविवारी सेंटर फॉरवर्ड कोण खेळणार, हे मला सकाळी साडेसहाला, हातात दुधाची पिशवी, अंगात उलटा स्वेटर, अशा अवस्थेत भर रस्त्यात ऑटो थांबवून विचारायची गोष्ट आहे का? आणि ऑटो रिकामा नाही हो! मागे कामठीच्या चार सवाऱ्या. त्यातली एक बाई मान बाहेर काढून म्हणते, "सांगून द्या ना भाऊ, माही ड्युटी हाय." तिला वाटलं मीच मुद्दाम दडवतोय!

हा ऑटोवाला म्हणजे नागसेन. गोळीबार चौक ते कामठी, दिवसातून दहा फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत बुनकर स्पोर्टिंग. सवारी उतरते तेव्हा तिला आपला गोलकीपर डावखुरा आहे हे माहीत झालेलं असतं.

तर 'समोर' म्हणजे काय, तेही सांगतो. पुण्याकडचे लोक म्हणतात पुढे, आपण म्हणतो समोर. समोर म्हणजे गोल मारणारा. आपल्या क्लबात सगळं आहे. गोलकीपर दोन, मागे खेळणारे सात, ढोल वाजवणारे तीन, सल्ला देणारे मोजलेले नाहीत. गोल मारणारा नाही! होते, तीन होते. साहिलला पुण्यात नोकरी लागली. सुशीलचा गुडघा गेला. आणि तिसरा पोलीस भरतीची तयारी करतोय. तो येतो, बूट घालतो, मैदानात उतरतो, आणि बॉल जवळ आला की सभ्य माणसासारखा बाजूला होतो. म्हणतो, "पायाले लागलं तं सोळाशे मीटर कोण धावन?" बरोबर आहे त्याचं. पण मग समोर कोण?

आता तुम्ही म्हणाल, सर, तुमचा या भानगडीशी संबंध काय? काही नाही! संबंध नीलाचा. नीला म्हणजे माझी बायको. तिचे वडील या क्लबचे गोलकीपर होते, त्यामुळे ती माहेराहून दोन गोष्टी घेऊन आली, एक शिवणयंत्र आणि एक बुनकर स्पोर्टिंग. लग्नाला चोवीस वर्षं झाली. चोवीस वर्षं दर रविवारी मी तिला स्कूटरवर मैदानापर्यंत सोडायचो, ती बसायची उशी काखेत मारून आत जायची, आणि मी बाहेर निंबाखाली स्कूटरवर बसून पेपर वाचायचो. संपादकीयसुद्धा! ती बाहेर आली की चेहऱ्यावरून कळायचं, जिंकले की हरले. मी विचारायचो, "जायचं?" बस. कोण खेळलं, कुणी मारला, कधी विचारलं नाही. एकदाही नाही. माणूस असा असतो, काय करता.

नोव्हेंबरमध्ये नीला गेली. त्याबद्दल मी काही बोलणार नाही.

चौथ्या दिवशी हे लोक घरी आले. भेटायला. तुम्हाला माहीत आहे, असं बसायला आलेले लोक कसे बसतात... भिंतीला टेकून, सतरंजीचे धागे ओढत. कोणी काही बोलत नाही. फोटोसमोर दिवा. मीही बोलत नव्हतो. खरं सांगायचं तर चार दिवस मी बोललोच नव्हतो. बोलण्यासारखं काही उरलंय असं वाटत नव्हतं. माझी साळी सत्यवती, उमरेडची, तीच घर सांभाळत होती. ती ताट आणायची, ताट परत न्यायची. तर ती चहा घेऊन आली. स्टीलचे कप, मोठा ट्रे.

क्लबातले पंधरा लोक. त्यात महादेवराव. वय पंचाहत्तर, हातमागावर आयुष्य काढलेला माणूस, माझ्या सासऱ्यांच्या समोर स्टॉपर, म्हणजे मागची भिंत, खेळायचे. शेजारी श्रीधर, आमचा कोच. कोच म्हणजे नावाला. इतवारीत भांड्यांच्या दुकानात कामाला आहे, शिट्टी मात्र स्वतःची आहे. आणि नागसेन. पाच मिनिटं शांतता. दहा मिनिटं. आणि मग नागसेननं एक मोठा उसासा टाकला. मला वाटलं, आता रडतो. तर म्हणाला, "वहिनी गेल्या... अन् समोर कोणी नाही."

झालं!

महादेवराव म्हणाले, "चूप बे. कुठं काय बोलून राहिला?" श्रीधर म्हणाला, "पण खरं तं हाय ना काका, हा रविवार सोडून पुढच्या रविवारी मॅच हाय." नागसेन म्हणाला, "मी म्हणतो चार-चार-दोन खेळा!" आणि महादेवराव, जे आत्ताच चूप म्हणाले होते ते महादेवराव, गुडघ्यावर उठून बसले. "दोन कुठून आणशीन बे? एक तं हाय नाही! चार-पाच-एक खेळा." "तो एक कोण?" "ते नंतर पाहू!" "नंतर काहून? आधी एक दाखवा!"

आणि मग श्रीधरनं, तुम्हाला सांगतो, चहाचा कप उचलला. मला वाटलं पितो. त्यानं तो सतरंजीवर भिंतीजवळ ठेवला. "हा गोलकी." मग दुसऱ्याचा कप घेतला. "हे चार मागं." लोकांच्या हातातून कप काढून घेतले हो! चहासकट! फोटोपासून दारापर्यंत मैदान. मधल्या पाच कपांवरून अशी जुंपली, की एकाला डावीकडे सरकवलं की दुसरा उजवीकडे सरकवायचा आणि चहा सतरंजीवर. साय धरली चहावर. सत्यवती दारात येऊन म्हणाली, "अगोदर पिऊन तं घ्या, मंग खेळवा!" कोणी ऐकलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता हाकलते सगळ्यांना. ती आत गेली आणि आणखी एक ट्रे घेऊन आली.

शेवटी दहा कप लागले. दाराकडची जागा रिकामी. सगळे त्या रिकाम्या जागेकडे बघतायत. नागसेन म्हणतो, "समोर कोण?" श्रीधर म्हणतो, "समोर कोण?" महादेवराव टोपी काढून डोकं खाजवतात, "तेच तं. समोर कोण?" आणि माझ्या डोक्यात हे असं घणघण, घणघण... मला एकच हवं होतं, की यांनी हे थांबवावं आणि घरी जावं. म्हणून मी माझा कप उचलला. दाराजवळ ठेवला. आणि म्हणालो, "प्रज्वल."

प्रज्वल हे नाव मला का सुचलं? कारण तेवढं एकच नाव मला येत होतं! तो आमच्या गल्लीत राहतो, मिहानमध्ये गोदामात आहे, सहा फूट उंच, नव्वद किलो. समोरून आला की आपण फुटपाथवर जातो.

श्रीधर हळूच म्हणाला, "सर... प्रज्वल स्टॉपर हाय. नऊ वर्षांत हाफ लाइन पार नाही केली त्यानं."

आता मी काय बोलणार? माघार घेतली तर पुन्हा सुरू होणार. तर मी म्हणालो... अजून लाज वाटते मला... म्हणालो, "नीला म्हणायची."

खोटं! साफ खोटं! नीला मला फुटबॉलचं काही म्हणायचीच नाही, कारण मी ऐकायचोच नाही. पण त्या खोलीत असं झालं, की जणू कोणी आदेश वाचून दाखवला. नागसेननं फोटोकडे बघून हात जोडले. श्रीधरनं खिशातून वही काढून लिहून घेतलं. महादेवराव माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "नीला म्हणे तं झालं. उठा रे." आणि सगळ्यांनी थंड चहा एका दमात पिऊन टाकला.

ते गेल्यावर सत्यवतीनं ताट आणलं. झुणका होता. मी दोन पोळ्या खाल्ल्या. पुसलेल्या सतरंजीकडे बघत खाल्ल्या.

पण पुढचं ऐका! तेरावं झालं, नातेवाईक गेले, आणि रविवारी दुपारी दारात प्रज्वल उभा. एवढा मोठा माणूस, दोन्ही हातांत बूट. "सर, काकूनं खरंच म्हटलं का, मी समोर?" मी म्हणालो, "हो." म्हणजे बघा, एकदा खोटं बोललं की दारापर्यंत येतं. "मले समोर काय करतात ते माहीत नाही सर. पण काकूनं म्हटलं तं जातो." आणि मग म्हणाला, "तुमी येता ना?"

आता ही मॅच, कामठीच्या क्लबाशी, साधी नव्हती. बरोबरी झाली तरी क्लब सीनियर डिव्हिजनमध्ये राहणार, हरला तर खाली. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा खाली! तेही कुणामुळे? माझ्या एका कपामुळे! नीलाच्या वडिलांचा क्लब, नीलाचा क्लब, आणि नीलाच्याच नावानं मी तो बुडवणार. मला पेपर वाचता आला असता का निंबाखाली? उशी काखेत मारली आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा आत गेलो.

पहिला हाफ... काय सांगू! प्रज्वल समोर उभा, बॉल आपल्या बाजूला गेला की हा सवयीनं मागे धावत सुटायचा. श्रीधर ओरडतोय, "अबे समोर! समोर!" तो बिचारा निम्म्यातून परत. हाफ लाइनवर जणू टोलनाका आहे आणि याच्याकडे सुटे नाहीत. कामठीवाल्यांनी एक गोल केला. शून्य-एक.

हाफ टाइमला सगळे माझ्याभोवती. कोचभोवती नाही, माझ्याभोवती! नागसेन म्हणतो, "सर, वहिनी आता काय म्हणल्या असत्या?"

अहो, काय म्हणाली असती! मी आभाळाकडे बघितलं. मदतीसाठी नाही, सवयीनं. साडेचार वाजलेले. डिसेंबर सुरू झालेला, सूर्य दक्षिणेला कललेला आणि खाली आलेला, मैदान पूर्व-पश्चिम, आणि त्यांचा गोलकीपर आता पूर्वेच्या टोकाला, पश्चिमेकडे तोंड करून उभा राहणार. नववीचा धडा आहे हा! मी म्हणालो, "नीला म्हणाली असती, उंच मारा. त्याच्या डोळ्यांत सूर्य आहे."

आणि मग पंचेचाळीस मिनिटं या लोकांनी आभाळात बॉल मारले. एक निंबावर अडकला. दोन रस्त्यावर गेले, एक परत आला. मी डोळे मिटून उशी धरून बसलो. शेवटची पाच मिनिटं असतील, आमच्या गोलकीनं असा एक उंच लाथाडला, की सगळं मैदान वर बघतंय. त्यांचा गोलकीपर कपाळावर हात धरून पुढे आला, जसं उन्हात आजोबा कोण आलं ते बघतात तसा. आणि प्रज्वल? प्रज्वलला वाटलं बॉल गेला, म्हणून तो पाठ फिरवून डिफेन्सला धावत सुटला! बॉल खाली आला तो थेट त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूवर. ठाप्! आणि गोलकीपरच्या डोक्यावरून जाळीत. प्रज्वलला कळलंच नाही. तो डोकं चोळत हाफ लाइनपर्यंत पोहोचला होता, तेव्हा दहा जण त्याच्या अंगावर पडले.

एक-एक. राहिलो! मी नागसेनला मिठी मारली, तुम्हाला सांगतो. शाळेत कोणी सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

परत येताना महादेवराव माझ्या स्कूटरवर मागे. मला राहवेना. मी म्हणालो, "काका, एक सांगू? प्रज्वलचं नीला कधी म्हणालीच नव्हती."

"माहीत हाय."

मी ब्रेक दाबला. "माहीत आहे?"

"फेब्रुवारीत माह्या बाजूले बसून म्हणे, काका, प्रज्वलले हाफ लाइनच्या समोर जाऊ देऊ नका, मैदानात खड्डा पडन." आणि हसले, तसेच, मागे बसून. "सगळ्याइले माहीत हाय. नागसेनले बी. फक्त प्रज्वलले नाही."

"मग खेळवलं का त्याला? क्लब खाली गेला असता!"

"गेला असता. खाली बी मैदान असते, मास्तर." टोपी नीट केली. "सत्यवतीनं फोन केला होता. म्हणे जेवून नाही राहिले, बोलून नाही राहिले. आम्ही आलो. आमाले दुसरं काय बोलता येते? चार दिवसांत तुमी पहिलं नाव घेतलं, ते प्रज्वलचं. त्याले नाही म्हणाचं?"

समोर सिग्नल हिरवा होता, तरी उभा होतो. मागचे हॉर्न वाजवत होते. वाजवू दे.

"पण सूर्याचं..." महादेवराव म्हणाले, "ते नीलाचं नव्हतं. एवढी वर्षं बसली माह्याजवळ, सूर्य कधी नाही काढला तिनं. ते तुमचं हाय." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. हातमागाचा हात, जड असतो. मग तोच हात तिथेच ठेवून म्हणाले, "रविवारपासून दुसरी नॉकआउट टूर्नामेंट हाय. प्रज्वलले मागं घेतो. मंग मास्तर... समोर कोण?"

तर असं आहे. चोवीस वर्षं नीलाला मी विचारलं नाही की काय झालं, आणि आता रोज रात्रीची भांडी घासताना तिलाच विचारतो, समोर कोण. ती काही सांगत नाही. तिचंही बरोबर आहे. म्हणून तुम्हाला विचारतोय. तुमच्यात आहे का हो कोणी, ज्याला पुण्यात नोकरी नाही, गुडघे शाबूत आहेत आणि पोलिसात जायचं नाही? गोल नाही मारला तरी चालेल, नुसतं डोकं पाहिजे. स्कूटरवर मागे जागा आहे. महादेवरावांना नागसेनच्या ऑटोत बसवतो. उशी मात्र मी देणार नाही.